गोवा ते मॉरिशस शिडाच्या बोटीने: कोणती उपकरणं घ्यायची आणि कोणत्या क्रमाने

गोव्याहून मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर सरळ रेषेत सुमारे २,३०० सागरी मैल. ३८-४० फुटी शिडाची बोट सरासरी ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैल) चालली तर १९-२० दिवस लागतात, विषुववृत्ताजवळ वारा पडला तर २५ सुद्धा. दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही बोटींनी जगप्रदक्षिणेआधी याच मार्गावर सराव केला होता. पहिल्या लांबच्या सफरीसाठी हा मार्ग चांगला आहे, पण वाटेतले दोन आठवडे जवळपास कोणी नसतं. हा लेख दोन माणसांची बोट आणि १२ व्होल्टची वीज गृहीत धरून लिहिला आहे.

नवखे लोक खरेदीची सुरुवात मोठ्या स्क्रीनच्या प्लॉटरपासून (बोटीची जागा नकाशावर दाखवणारं यंत्र) करतात. मग रडार येतं, फ्रिज येतो आणि पैसे संपत आल्यावर लाइफराफ्टची (बोट बुडाली तर बसायचा फुगणारा तराफा) चौकशी सुरू होते. आमचा क्रम नेमका उलटा आहे. बोटीची वीज पूर्ण गेली तरी जे काम करतं, ते आधी घ्यायचं. विजेवर चालणारी वस्तू त्यानंतर, आणि तिला बिनविजेचा पर्याय ठरल्यावरच.

सहा महिने आधी: कागदपत्रं

खरेदीच्या आधी परवानग्यांचे अर्ज टाका, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच लागतो. बोटीवरच्या रेडिओसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो, आणि रेडिओ चालवणाऱ्याकडे ऑपरेटरचं प्रमाणपत्र असावं लागतं. बोटीला एमएमएसआय नावाचा नऊ आकडी क्रमांक मिळतो. भारतीय बोटीचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. हाच क्रमांक व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ), एआयएस (बोटींना एकमेकींची जागा कळवणारं यंत्र) आणि ईपर्ब (उपग्रहामार्फत मदत मागणारं यंत्र) या तिन्हींत भरायचा असतो, म्हणून तो हातात येण्याआधी ही यंत्रं बसवण्याची घाई करू नका. एआयएसमध्ये हा क्रमांक सहसा एकदाच भरता येतो. एक आकडा चुकला तर यंत्र विक्रेत्याकडे परत पाठवावं लागतं.

सॅटेलाइट फोनबाबत विशेष जपा. इरिडियम आणि थुरायाची उपकरणं परवानगीशिवाय भारतात आणणं किंवा वापरणं बेकायदा आहे. परदेशी ट्रेकर वापरतात तो इनरीचसारखा छोटा मेसेंजरही इरिडियमवरच चालतो, त्यामुळे तोही यात येतो. विमानतळावर सामान तपासताना अशी उपकरणं सापडून अटक झाल्याची उदाहरणं आहेत. परदेशातल्या नातेवाइकाला ‘येताना घेऊन ये’ असं सांगू नका. कायदेशीर मार्ग म्हणजे बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा फोन घेणं, किंवा दूरसंचार विभागाची लेखी परवानगी काढणं. ते पत्र बोटीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा.

पहिली खरेदी: माणूस बोटीवरच राहावा म्हणून

दोघांच्या बोटीवर एक जण झोपलेला असताना दुसरा पाण्यात पडला, तर तो सापडण्याची शक्यता फार कमी. म्हणून सगळ्यात आधी जॅकस्टे आणि टेदर (माणसाला जॅकस्टेशी जोडणारा हुकांचा दोर). डेकच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे ताणून बांधलेली पट्टी म्हणजे जॅकस्टे. ती पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं, आणि मग पडलेला माणूस कठड्याबाहेर लोंबकळतो. पट्टीची तुटण्याची क्षमता किमान २,००० किलो असावी. मागच्या टोकाच्या दोनेक मीटर अलीकडेच ती संपवा, म्हणजे पाण्यात गेलेला माणूस बोटीच्या मागे फरफटत जाणार नाही. आपल्याकडच्या उन्हात शिलाईचा दोरा पट्टीच्या आधी कुजतो. दोऱ्याचा रंग उडाला असेल, नखाने खरवडल्यावर भुगा निघत असेल, तर पट्टी बदला.

टेदर तीन हुकांचा घ्या, एक फाटा १ मीटरचा आणि दुसरा २ मीटरचा. बहुतेक वेळ आखूड फाटाच लावायचा. हुक कुठे अडकतो याकडे लक्ष ठेवा. २०१७ मध्ये क्लिपर शर्यतीतल्या एका बोटीवर टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, त्यावर आडवा ताण आला, हुक वाकून सुटला आणि खलाशाचा जीव गेला. हुक सरळ ओढला तर टनभर वजन पेलतो, आडवा ओढला तर त्याच्या कितीतरी कमी भारात वाकतो. म्हणून जॅकस्टेची टोकं क्लीटपाशी बांधू नका, आणि प्रत्येक हुक हाताने फिरवून बघा: तो कशाखाली शिरू शकतो का?

लाइफजॅकेट आपोआप फुगणारं, किमान १५० न्यूटनचं, हार्नेससह (टेदर अडकवायचा अंगावरचा पट्टा). मांड्यांमधून जाणारा पट्टा, दिवा आणि तोंडावरचं पारदर्शक आवरण हवंच. मांडीचा पट्टा नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि नाक पाण्यातच राहतं. फुगवणारी यंत्रणा दोन प्रकारची असते. स्वस्त प्रकारात पाण्यात विरघळणारी गोळी असते. कोकणातल्या पावसाळी दमटपणात ती हळूहळू मऊ होते, आणि एखाद्या रात्री अंगावर लाट आली की जॅकेट उगाच फुगतं. पाण्याच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक यंत्रणा महाग आहे, पण लांबच्या सफरीला तीच घ्या. गॅसचा छोटा सिलिंडर काढून स्वयंपाकघराच्या काट्यावर तोला. त्यावर कोरलेल्या वजनापेक्षा तो हलका भरला तर गॅस गळतो आहे. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तितकंच घट्ट असलं पाहिजे. प्रत्येकी दोन जास्तीचे सिलिंडर ठेवा.

प्रत्येक जॅकेटमध्ये एआयएसवर चालणारा छोटा बीकन बसवा. तो पाण्यात पडताच बोटीच्या प्लॉटरवर जागा दाखवतो आणि डीएससीने (रेडिओवरून आपोआप जाणाऱ्या अंकी संदेशाने) व्हीएचएफवर अलार्म देतो. यात नेहमीची चूक अशी होते: वीज वाचवायला रात्री प्लॉटर बंद ठेवतात, आणि अलार्म वाजायला जागाच उरत नाही. एआयएसच्या अलार्मची तार थेट झोपायच्या जागेजवळच्या बझरला जोडा, आणि तो झोपलेल्या माणसाला उठवतो का हे शिडं फडफडत असताना तपासा.

दुसरी: मदत मागण्याची साधनं

ईपर्बला पर्याय नाही. तो ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट उपग्रहांना संदेश देतो, आणि जवळ आलेल्या विमानाला किंवा जहाजाला शोधता यावं म्हणून १२१.५ वरही बोलतो. फक्त १२१.५ वर चालणारे जुने बीकन कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे. आत जीपीएस असलेलाच ईपर्ब घ्या. त्याची जागा शंभरेक मीटरपर्यंत नेमकी कळते. जीपीएस नसेल तर उपग्रह जागा काढतात, पण शोधायचं क्षेत्र काही किलोमीटरचं होतं. बॅटरी चालू केल्यापासून किमान ४८ तास चालते. तिची बदलायची तारीख बाहेर छापलेली असते, खरेदी करताना दुकानात पहिली नजर तिच्यावर टाका.

विकत घेतलेला ईपर्ब नोंदवला नाही तर अर्धा निकामी आहे. भारतीय ईपर्बची नोंदणी इस्रोच्या बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे होते. परदेशातून आणलेला किंवा जुना घेतलेला ईपर्ब दुसऱ्या देशाच्या कोडवर असतो, तो अधिकृत विक्रेत्याकडून ४१९ वर बदलून घ्या. नोंदणीत तुम्ही दिलेला किनाऱ्यावरचा फोन नंबर फार महत्त्वाचा. संदेश आला की तटरक्षक दलाचं मुंबईचं बचाव समन्वय केंद्र आधी त्याच नंबरवर विचारतं: ही बोट खरंच समुद्रात आहे का, किती माणसं आहेत, रंग कोणता? म्हणून तो नंबर रात्री फोन उचलणाऱ्या, मार्गाची माहिती असलेल्या माणसाचा द्या. त्याच्याकडे बोटीचे फोटो, माणसांची नावं, बोटीवरच्या उपकरणांची यादी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लिहून ठेवा.

मच्छीमारांसाठी इस्रोने बनवलेलं संकट-संदेश यंत्र आपल्या किनाऱ्याजवळ उपयोगी आहे, पण दक्षिण गोलार्धाकडे जाताना ते ईपर्बच्या जागी धरू नका.

बीकन कुठे ठेवायचा? नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत गोव्यातच बांधलेली ‘थुरिया’ ही बोट घेऊन होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात बोट उलटली, डोलकाठी गेली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना सोडवलं. मधल्या काळात त्यांचा जादा सॅटेलाइट फोन आणि हातातला व्हीएचएफ आणीबाणीच्या पिशवीत सुखरूप होते, पण झोपल्या जागेवरून उठून तिथवर जाणं त्यांना शक्य नव्हतं. त्यामुळे साधनं दोन ठिकाणी वाटून ठेवा. ईपर्ब जिन्याजवळ, आत-बाहेर दोन्हीकडून हात पोचेल असा. एक वैयक्तिक बीकन किंवा हातातला व्हीएचएफ झोपायच्या जागेच्या उशाशी. तिथे झोपून, डोळे मिटून, एका हाताने तो काढता येतो का ते बघा. उजव्या हाताने जमलं तर डाव्यानेही करा.

फ्लेअर: लाल पॅराशूट रॉकेट किमान ६, लाल हातातले ६, नारिंगी धुराचे २. पॅराशूट रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळतं, हातातला मिनिटभर. रॉकेट वर जाताना वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवतं, म्हणून उडवताना थोडं वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, झुकवून धरा. दोन रॉकेट एका मिनिटाच्या अंतराने उडवा: पहिलं पाहून ‘खरंच दिसलं का’ असं वाटणाऱ्याला दुसरं खात्री देतं. डोक्यावर हेलिकॉप्टर असेल तर रॉकेट अजिबात नको. फ्लेअर विमानाने येत नाहीत, मागवायला वेळ ठेवा.

तिसरी: लाइफराफ्ट आणि पिशवी

आयएसओ ९६५०-१ मानकाची, २४ तासांहून जास्त काळाच्या सामानाची, दुहेरी तळाची राफ्ट. दोघांसाठी चार माणसांची पुरे. ‘मोठी असलेली बरी’ म्हणून आठ माणसांची घेतली, तर आत वजन कमी पडून ती वाऱ्याने उलटते.

राफ्ट डेकवर असेल तर हायड्रोस्टॅटिक रिलीज लावा. बोट बुडाल्यावर दीड ते चार मीटर खोलीवर तो दोर कापतो आणि राफ्ट सुटते. तो दर दोन वर्षांनी बदलायचा असतो. सगळ्यात जास्त चूक होते ती राफ्टचा दोर बांधण्यात. दोर रिलीजच्या कमकुवत कडीतून बांधायचा. तो थेट बोटीच्या भक्कम कडीला बांधला तर राफ्ट फुगेल खरी, पण बुडणारी बोट तिला सोबत खाली नेईल. राफ्टची सर्व्हिसिंग निर्मात्याने दिलेल्या मुदतीत अधिकृत केंद्रातच करा. शक्य असेल तर समोर उभे राहून करून घ्या: ती फुगलेली पाहणं आणि आत चढून बसणं हे प्रशिक्षण तेव्हाच फुकट मिळतं.

आणीबाणीच्या पिशवीत हातातला व्हीएचएफ, जीपीएस, जादा बॅटऱ्या, टॉर्च, आरसा, फ्लेअर, उन्हाची टोपी आणि मलम, उलटीच्या गोळ्या, रोजची औषधं, चाकू, पासपोर्टच्या प्रती. पाणी वेगळ्या २० लिटरच्या कॅनमध्ये, तीन-चतुर्थांशच भरलेलं, म्हणजे ते तरंगतं. हाताने चालवायचं लहान वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) तासाला लिटरभरही पाणी देत नाही, पण या मार्गावर ते पिशवीत असावं असं आमचं मत आहे.

पाणी आत येण्याबद्दल एक हिशेब ध्यानात ठेवा. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर ५० मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला सुमारे २४० लिटर पाणी आत येतं. डब्यावर ताशी २,००० गॅलन लिहिलेला पंप कागदावरच मिनिटाला १२५ लिटर फेकतो, प्रत्यक्षात पाइपाची उंची आणि वळणं यांमुळे त्याच्या निम्मं. म्हणजे पंप तुम्हाला फक्त वेळ मिळवून देतो, भोक बुजवावंच लागतं. तळातल्या प्रत्येक व्हॉल्व्हला मऊ लाकडाचा निमुळता गुट्टा दोरीने बांधून ठेवा. हाताचे पंप दोन, त्यातला एक सगळी झाकणं बंद करून कॉकपिटमधून (डेकवरच्या सुकाणूच्या जागेतून) चालवता येणारा.

चौथी: व्हीएचएफ आणि एआयएस

२५ वॅटचा, डीएससीवाला, जीपीएस जोडलेला व्हीएचएफ. लाल बटण दाबलं की तो चॅनल ७० वर तुमची ओळख आणि जागा पाठवतो, बोलणं १६ वर. पल्ला वॅटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर ठरतो: १५ मीटरच्या डोलकाठीवरून ३० मीटर उंच अँटेना असलेल्या जहाजापर्यंत सुमारे २० सागरी मैल, राफ्टमध्ये बसून त्याच जहाजापर्यंत फार तर १५, आणि तुमच्यासारख्याच दुसऱ्या राफ्टपर्यंत ३-५.

केबलवर पैसे वाचवू नका. बारीक आरजी-५८ केबल २० मीटर टाकली तर २५ पैकी जेमतेम १० वॅट अँटेनापर्यंत पोचतात. जाड आरजी-२१३ टाकली तर १६-१७. डोलकाठीच्या तळाशी असलेला जोड सगळ्यात आधी सडतो. तो सोल्डर करून स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा, त्यावर साधी टेप. केबल कापल्यावर तांब्याची जाळी काळी पडलेली दिसली तर पाणी आत शिरलं आहे, तेवढा तुकडा नव्हे, पूर्ण केबल बदला. डोलकाठी पडली तर अँटेना जाते, म्हणून मागच्या कठड्यावर दुसरा छोटा अँटेना कायमचा बसवून त्याची केबल रेडिओच्या मागे तयार ठेवा.

एआयएस ट्रान्सपॉन्डर (आपली जागाही पाठवणारा) हवा, नुसता रिसीव्हर नको. ५ वॅटचा एसओटीडीएमए प्रकार २ वॅटच्या जुन्या प्रकारापेक्षा जास्त वेळा आणि जास्त लांब संदेश देतो. गोव्याच्या किनाऱ्यापासून पहिले शंभरेक मैल मात्र स्क्रीनवर विसंबू नका: बऱ्याच मासेमारी नौका एआयएसवर दिसत नाहीत, आणि जाळ्यांच्या बोयांना दिवा असेलच असं नाही. तेवढ्या अंतरात डोळ्यांचीच पाळी.

पाचवी: वीज

वरचं सगळं ठरल्यावर कागदावर रोजचा खर्च मांडा. १२ व्होल्टच्या ३८ फुटी बोटीला साधारण असा: ऑटोपायलट ३.५ अँपिअर दिवसभर, म्हणजे ८४ अँपिअर-तास. फ्रिज ४५. प्लॉटर २९. दिवे, फोन, टॅबलेट १५. व्हीएचएफ १०, वारा-खोलीची यंत्रं ७, एआयएस ६, डोलकाठीवरचा एलईडी दिवा ३. बेरीज १९९. रडार चार तास लावलं तर आणखी १०.

४०० वॅटचे सौर पॅनल स्वच्छ उन्हात, शिडांची सावली धरून, रोज १२० च्या आसपास देतात. विषुववृत्ताजवळच्या ढगाळ पट्ट्यात ६०. उरलेली तूट इंजिनवर भरायची तर रोज दोन तास आणि वीस दिवसांत शंभर लिटर डिझेल, आणि नेमकं त्याच पट्ट्यात वारा पडल्यामुळे इंजिन पुढे जायलाही लागतं. म्हणूनच ऑटोपायलटच्या जोडीला वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन बसवा. ते ८४ चा आकडा पुसून टाकतं, आणि वीज गेली तरी बोट हाकतं. सुट्या भागांचा संच आणि त्याच्या दोऱ्या दुप्पट ठेवा. फ्रिज सोडून द्यायची तयारी असेल तर हिशेब ७० वर येतो, मग ढगही चालतात.

दीड दिवसाची बॅटरी धरा. लेड-ॲसिडची निम्मीच क्षमता वापरायची असते, म्हणजे २०० च्या खर्चाला ६०० अँपिअर-तास, वजन सुमारे १८० किलो. लिथियम फॉस्फेट ४०० पुरतं, वजन ५० किलोच्या आत-बाहेर. पण लिथियम थेट अल्टरनेटरला (इंजिनवर वीज बनवणारं यंत्र) जोडू नका. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) जोडणी तोडली की उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जळतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर टाका. आणि व्हीएचएफ व एआयएस एका स्विचने इंजिनच्या बॅटरीवर घेता येतील अशी जोडणी करा.

तारा कथिलाचा मुलामा असलेल्याच घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. व्हीएचएफसाठी तारेतली व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर ऐकू येतं पण बोलायचं बटण दाबलं की रेडिओ बंद पडतो.

सहावी: प्लॉटर, नकाशे, हवामान

आता प्लॉटर. नऊ इंची पुरतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही बोट पूर्ण वेगात कार्गाडोस काराहोस या प्रवाळांवर आदळली. इलेक्ट्रॉनिक नकाशा मोठा करून न पाहिल्याने धोका दिसलाच नाही. ही प्रवाळं मॉरिशसच्या ईशान्येला, तुमच्या मार्गाच्या अगदी जवळ आहेत. मार्ग आखल्यावर पूर्ण रेघ सर्वांत मोठ्या झूमवर बोटाने सरकवत तपासा, आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर टॅबलेटवर पुन्हा. कागदी नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे.

ऑटोपायलटचा होकायंत्र-सेन्सर स्पीकर, जाड तारा आणि लोखंडापासून मीटरभर लांब हवा. बंदरात तो बरोबर चालतो, मग शेजारच्या कप्प्यात डबाबंद अन्न भरलं जातं आणि बोट दहा अंश चुकीची चालते. म्हणून सामान भरल्यावरच कॅलिब्रेट करा.

ईशान्य वाऱ्यांचा मोसम आणि दक्षिण हिंदी महासागरातला चक्रीवादळांचा काळ, नोव्हेंबर ते एप्रिल, एकमेकांवर येतात. त्यामुळे वाटेत रोज हवामान मिळालंच पाहिजे. उत्तरेकडचे इशारे भारतीय हवामान विभाग काढतो, दक्षिणेकडचे मॉरिशसची हवामान सेवा. फोनवर ग्रिब फाइल (हवामान अंदाजाची छोटी फाइल) उतरवायची सवय किनाऱ्यावरच लावा.

विजांचं वादळ जवळ आलं की हातातला व्हीएचएफ, जीपीएस आणि फोन ओव्हनमध्ये किंवा झाकण लावलेल्या कुकरमध्ये ठेवा. हमी नाही, पण खर्चही नाही. गॅस पेटवण्याआधी मात्र आत पाहायला विसरू नका.

मुंबई–गोवा चाचणी

निघण्याच्या महिनाभर आधी मुंबई ते गोवा, सव्वादोनशे मैल, दोन रात्री. पहिली रात्र सगळं चालू ठेवून दर चार तासांनी बॅटरीचा आकडा वहीत लिहा आणि कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहा. दुसऱ्या रात्री मुख्य स्विच बंद. बॅटरीवरचे सुटे दिवे लावा, विंडव्हेनवर चालवा, हातातल्या व्हीएचएफवर जाणाऱ्या जहाजाला हाक मारा, जागा कागदी नकाशावर मांडा. जहाजाकडून उत्तर आलं तर त्याला विचारा, एआयएसवर आणि रडारवर आमची बोट किती मैलांवरून दिसते? गोव्यात पोचल्यावर प्रत्येक जोड हाताने ओढून पाहा, सैल निघालेल्या जोडांची यादी करा. ईपर्ब, राफ्ट, रिलीज, फ्लेअर, सिलिंडर आणि अग्निशामक यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून तो चार्ट टेबलाच्या झाकणाला आतून चिकटवा. ज्याची मुदत परतीच्या प्रवासात संपते आहे, ते आताच बदला. त्यातल्या काही गोष्टी पोर्ट लुईमध्ये मागवून मिळायला आठवडे लागू शकतात.